बेचाळीस घरांची एक खुर्ची

गरिबीवर संशोधन करणारे पुष्कळ असतात, पण त्या कामात ज्यांच्या टाचा झिजतात अशी माणसं थोडी. मोजणीबाई त्यांतली एक. बावीस वर्षं ती एका संशोधन संस्थेसाठी वस्त्यावस्त्यांतून फॉर्म भरत हिंडत होती. गरिबी का येते यावर साहेब ऑफिसात भाषण द्यायचे; ती कुठे राहते, हे मोजणीबाईला पत्त्यानिशी पाठ होतं. बाई फटकळ. दारात कुणी तोंड वाकडं केलं की म्हणायची, काही विकायला आले नाही, तुमचं डोकं खायला आलेय, अर्धा तास लागेल. लोक हसायचे आणि आत घ्यायचे.

त्या वर्षीचा फॉर्म नवा होता. घरात खुर्ची आहे का, पंखा आहे का, असले प्रश्न. निम्म्याहून जास्त घरांत दोन्ही असतील तर वस्ती गरिबीतून वर आली असं धरायचं आणि तिथली मदत दुसरीकडे हलवायची. हा नियम खुर्चीवर बसूनच केलेला असणार, दुसरं काय! बाटल्या धुण्याच्या कारखान्यामागच्या गल्लीत मोजणीबाईने तीन दिवसांत बेचाळीस घरं केली. बेचाळीसही घरांत खुर्ची आणि बेचाळीसही घरांत पंखा. चला, एवढं तरी सुख यांच्या पदरात पडलं, असं म्हणत तिने फॉर्म जमा केले.

महिन्याभराने मदत बंद करायच्या वस्त्यांची यादी ऑफिसात लागली. त्या मदतीवर चालणारं गल्लीतलं पाळणाघर बंद होणार होतं. तिथे तीस पोरं असायची आणि त्यांच्या आया दिवसभर कारखान्यात, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभ्या. पाळणाघर गेलं की एकेका घरातली कमावती बाई घरी बसणार, हे सांगायला संशोधन लागत नाही. अहवालातल्या गल्लीच्या पानावर मोजणीबाईची सही झाली की यादी वर जाणार होती.

काहीतरी चुकतंय असं वाटून ती गल्लीत गेली. पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशीने एका पोराचं नाक पुसत सहज सांगून टाकलं. खुर्ची अख्ख्या गल्लीत एकच, शिंपिणीची. टेबलपंखाही तिचाच. मोजणीबाई एका घरातून उठल्या, उंबऱ्यावर दोन शब्द बोलायला थांबल्या, की मागच्या दाराने दोन्ही वस्तू पुढच्या घरात.

मोजणीबाईला आता आठवलं. त्या खुर्चीचा उजवा हात मोडका होता. बेचाळीस वेळा तिचं कोपर तिथे घसरलं होतं, आणि बेचाळीस वेळा तिला वाटलं होतं की या लोकांनी एकाच दुकानातून स्वस्तातला माल उचललाय. बावीस वर्षांच्या अनुभवाने असे डोळे मिटले होते तिचे! स्वतःचा राग तिने आधी मावशीवर काढला. खरं सांगायला काय झालं होतं, म्हणून ती तडकली.

मावशी शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलंत, खुर्ची आहे का. तुम्ही तिच्यावरच बसला होतात. आणि दारी आलेल्या माणसाला फरशीवर बसवायचं होय? गरीब आहोत बाई, माणुसकी विकून खाल्ली नाही अजून."

मोजणीबाई तशीच उठून घरी गेली.

घरी दीड खोली. नवऱ्याची दोन बोटं लेथ मशीनखाली गेल्यापासून तो घर सांभाळायचा. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं ऐकून त्याने जेवण वाढता वाढता एवढंच विचारलं, सही दिली नाहीस आणि काम गेलं तर? जाईल, असं म्हणून ती पानावर बसली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचा राग त्याहून जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांपुढे चूक कबूल केली आणि गल्ली पुन्हा मोजू द्या म्हणाली. साहेब माणूस वाईट नव्हता, घाईत होता. अहवाल गुरुवारी द्यायचा होता. एवढ्या मोठ्या पाहणीत एका खुर्चीने काय आभाळ कोसळणार आहे, असं त्यांनी तिला समजावलं.

"तीस पोरांच्या डोक्यावर कोसळतंय, साहेब. चूक माझी, लेखी देते. पण या पानावर सही देणार नाही."

"मग दुसरं कुणी देईल."

"देऊ दे. आधी त्याला बेचाळीस घरांत फरशीवर बसून येऊ दे."

ते ऐकून शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका टाइप करायची थांबली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. शेवटी गल्लीचं पान अहवालातून काढून ठेवण्यात आलं. नवी माणसं जाऊन पुन्हा मोजून आली आणि पाळणाघर जागच्या जागी राहिलं. मोजणीबाईचं नाव मात्र पुढच्या कामाच्या यादीत नव्हतं.

कागद पुरे करायला ती गेली तेव्हा कारकून अवघडला होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले. काम सुटण्याचं कारण लिहायच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. प्रकृती बरी नसते असं लिहितो, तो हळूच म्हणाला, म्हणजे पुढे कुठे अडचण यायची नाही.

"प्रकृती ठणठणीत आहे माझी," ती म्हणाली. "लिहा, चुकीच्या मोजणीवर सही द्यायला नकार दिला."

"असं लिहिलं तर दुसरीकडेही कुणी घेणार नाही, बाई."

"लिहा."

त्याने लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली पूर्ण नावाने सही ठोकली.