देवांच्या आंघोळीचं पाणी

आमच्या शेजारच्या डोरीनबाई त्या थंडीत जायच्याच, पण वाचल्या. त्यांना मी वाचवलं असं आमच्या भजनातल्या बायका अजून सांगतात, आणि मला अगदी ओशाळं वाटतं. कारण त्या सकाळी माझ्या मनात ना भक्ती होती ना दया. होता तो नुसता संताप. म्हणून एकदा जसं घडलं तसं लिहून टाकते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, लीड्समधली. चार दिवस बर्फ पडत होता. पहिल्या दिवशी फोटो काढावेसे वाटतात, दुसऱ्या दिवशी बुटांत पाणी जातं आणि चौथ्या दिवशी माणूस खिडकीचा पडदासुद्धा उघडत नाही. आमचा रस्ता चढाचा, त्यामुळे बस वर यायची बंद झाली होती. ह्यांची नोकरी ब्रॅकनेलला, आठवडाभर ते तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि आता ट्रेनच्या गोंधळात तिथेच अडकले होते. घरात मी आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई. त्या सकाळी नळ सोडला तर त्याने एक उचकी दिली आणि गप्प झाला. पाइप गोठले होते. ह्यांना फोन केला तर म्हणाले, "लॉफ्टमध्ये चढ आणि पाइपवर हेअर ड्रायर मार." दोनशे मैलांवरून सांगायला काय जातं? मी पाऊण तास धुळीत वाकून हेअर ड्रायर मारला. पाइप तसेच राहिले, हेअर ड्रायर मात्र जळाला.

खाली आले तर आई, म्हणजे सासूबाई, देव ताम्हनात मांडून पाण्याची वाट बघत बसलेल्या. त्यांचा नियम असा, की देवांना आंघोळ घातल्याशिवाय चहाचा घोटही घ्यायचा नाही. चहा नाही म्हणजे खाणं नाही, आणि खाणं नाही म्हणजे ब्लडप्रेशरची गोळी नाही. आदल्या संध्याकाळी मी एक मोठं पातेलं भरून ठेवलं होतं, ते पुढे केलं.

"शिळं पाणी ते," आई म्हणाल्या. "माणसांना चालेल."

"मग बाहेरचा बर्फ वितळवून देते. आभाळातून पडलाय, एकदम ताजा."

"अगं, त्याच्यावरून कुत्री फिरतात."

मी बाळकृष्णाकडे बघून मनात म्हटलं, एवढी हौस असेल तर तूच सोड नळ. देवाशी असं बोलू नये हे मला कळतं, पण बोलले.

"शेजारणीकडून आण की," आई म्हणाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. भिंतीला भिंत लागून घर असलं तरी डोरीनबाईंचं नि माझं तोंडदेखल्या हॅलोपलीकडे काही नव्हतं. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. आमच्या फोडणीचा वास त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, हे त्यांनी मला कुंपणावरून दोनदा सुनावलं होतं. त्यांच्या दारात पाणी मागायला जायचं, तेही देवाच्या आंघोळीसाठी, आणि तेही इंग्लिशमधून समजावून! पण आई रिकाम्या पोटी बसून होत्या. मी कोट चढवला. प्लास्टिकची बादली आईंना चालली नसती, म्हणून त्यांची पितळेची कळशी घेतली आणि तोंडाने पुटपुटत, घसरत, कुंपण धरून पलीकडे गेले.

बेल वाजवली. दार ठोठावलं. उत्तर नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. घरी जाऊन "नाहीत त्या" म्हटलं की सुटले. पण नुसती बेल वाजवून आलीस का, असं आईंनी विचारलं असतं, म्हणून केवळ नावाला वाकले आणि लेटरबॉक्समधून हाक मारली. आतून अगदी बारीक आवाज आला, "इन हिअर, लव्ह."

पुढचं दार आतून बंद होतं. मागे गेले, तेही बंद. मग मी काही विचार केला नाही. कळशीने स्वयंपाकघराच्या दाराची काच फोडली आणि हात घालून कडी काढली. डोरीनबाई जिन्याखाली पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी पाय निसटला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं, हलता येत नव्हतं. फोन हॉलमध्येच, पण उंच टेबलावर. त्यांचा हात हातात घेतला तर फ्रीजमधून काढल्यासारखा लागला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, येतील, पण चढावर गाडी येत नाही, वेळ लागेल.

मी धावत आईंना बोलावलं. त्या लगेच उठल्या. अंगावरची शाल, दोन रजया आणि हॉट वॉटर बॉटल घेऊन त्या आल्या. ती बॉटल आम्ही तेच शिळं पाणी तापवून भरली होती. आई जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि डोरीनबाईंचे तळवे चोळत रामरक्षा म्हणायला लागल्या. एकीला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, दुसरीला इंग्लिशमधलं. पण डोरीनबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

थोडी ऊब आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी बुटाने भिंत ठोकली. तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. आदल्या संध्याकाळी आमची आरती चालू असताना भिंतीवर ठकठक झाली होती. मला वाटलं, आता हिला आमची घंटाही खुपायला लागली. म्हणून मी आईंच्या हातातून घंटा घेतली आणि भिंतीजवळ उभी राहून, चांगली दणदणीत, हात दुखेपर्यंत वाजवली होती.

"तुझी बेल ऐकली आणि जिवात जीव आला," त्या म्हणाल्या. "वाटलं, तुला कळलंय, तू उत्तर देते आहेस. कोणीतरी येईल. म्हणून डोळे मिटू दिले नाहीत. रात्रभर स्वतःला सांगत होते, ती येणार आहे."

मी त्यांच्या अंगावरची रजई आणखी वर ओढली. दोन तासांनी ॲम्ब्युलन्सची माणसं गाडी खाली ठेवून स्ट्रेचर घेऊन चालत वर आली. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर कठीण होतं. वसंत ऋतूत त्या काठी टेकत घरी आल्या आणि पुढे सहा वर्षं आमच्या शेजारी राहिल्या. घंटा मी कशासाठी वाजवली होती, हे त्यांना सांगायचं धाडस माझं शेवटपर्यंत झालं नाही. ते मी फक्त देवासमोर कबूल केलं, आणि आता इथे.

हा चमत्कार होता का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. आजही बर्फ पडला की माझी चिडचिड होते, आणि देवाशी भांडणही होतं. पण कृपा व्हायला आपण आधी चांगलं असावं लागतं, असं मला वाटायचं, ते आता वाटत नाही. त्या दोन दिवसांत देवाला माझ्याकडून मिळाली ती एक रागाने वाजवलेली घंटा आणि एक कंटाळून, नावाला मारलेली हाक. त्याने तेवढ्यावर भागवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. माझी भक्ती जागी व्हायची वाट बघत तो बसला असता, तर डोरीनबाई त्या जिन्याखालीच गेल्या असत्या.