पोपटाच्या कपाळावरचा ठिपका

आमच्या उदबत्तीच्या पुड्यावर घागरीवर बसलेला पोपट असे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत लोक आम्हांला पोपटवाले म्हणत. शाळेत जाताना मागून कुणी तशी हाक मारली की मी मान न वळवता पाय उचलायचे. मला इंग्रजी शाळेत घालण्याचा हट्ट वडिलांचा, आप्पांचा. मुलींनी शिकावं असं खुद्द महाराजांना वाटतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. शाळेत मडमेपुढे मी कमी बोलायचे, घरी त्याहून कमी. लिहायला सांगितलं की मात्र बरं वाटायचं.

तसं काम एका पत्राबरोबर आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदरात एक व्यापारी आमची उदबत्ती विकत. त्यांनी कळवलं होतं की इथे कुणीतरी हलक्या मालावर पोपट छापायला लागला आहे. तुमचं चिन्ह इथल्या सरकारात नोंदवून घ्या, नाहीतर तो आधी नोंदवील आणि तुमचाच माल नकली ठरेल. सोबत तिथल्या एका वकिलाने दिलेला छापील अर्ज होता.

"आपलाच पोपट, आन् आपणच अर्ज करायचा व्हय?" आप्पा चिडले.

माझी आई, अव्वा, पाटावर उदबत्त्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "मग काय, पोपट सोता जाऊन सांगणार हाय, मी कुणाचा त्ये?"

अर्ज मी भरला. चिन्हाच्या चार छापील प्रती जोडायच्या होत्या. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की त्या कागदावर चिन्हाखेरीज दुसरी कसलीही खूण असू नये. ती मी दोनदा वाचली होती.

सोमवारी कागद टपालात घालायचे ठरले. मी पाकीट बंद करणार, तोच अव्वा कुंकवाचा करंडा घेऊन आली. नवी वही असो, नवं कापड असो, परगावी निघालेलं मालाचं पहिलं पोतं असो, कुंकू लागल्याशिवाय आमच्या घरातून काही बाहेर पडत नसे.

"समुद्रापल्याड चाललाय, आन् मोकळ्या कपाळानं?" असं म्हणत तिनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि सर्वांत वरच्या प्रतीतल्या पोपटाच्या कपाळावर नेमकं टेकवलं. "सायबानं इचारलं तर म्हणावं, कोल्लापूरचा हाय."

आप्पा हसले. मी बोलायला हवं होतं. एवढी एक प्रत बदलू, इतकंच म्हणायचं होतं. पण तिचा चेहरा इतका खूश होता, की मी ती प्रत तशीच ठेवली. मी ठिपक्यावर फुंकर घातली. तो वाळला तेव्हा त्यात एक आडवी पांढरी रेघ दिसली. अव्वाच्या बोटावर विळीनं झालेली जुनी चीर होती, तिची ती रेघ. मग मी पाकीट चिकटवलं.

उत्तर यायला बरेच महिने लागले. मधल्या काळात गावात प्लेग आला. आम्ही गावाबाहेर कळंब्याच्या बाजूला छपऱ्या घालून राहिलो. तिथे तीन दिवसांच्या तापात अव्वा गेली. तिचं अंथरूण, लुगडी, सगळं तिथेच जाळावं लागलं. परत आलो तेव्हा घर औषधानं धुऊन काढलेलं होतं. तिचा पाटसुद्धा कुणीतरी जाळून टाकला होता. फोटो तिचा कधी काढलाच नव्हता. तिनं वळलेल्या उदबत्त्या विकल्या गेल्या होत्या, आणि त्या तर जळण्यासाठीच असतात.

मग वकिलाचं पत्र आलं. तिथल्या नोंदणी कचेरीने विचारलं होतं, की एका प्रतीत पक्ष्याच्या कपाळावर लाल ठिपका आहे, इतर तीन प्रतींत नाही. हा ठिपका चिन्हाचा भाग आहे काय? असल्यास चिन्ह ठिपक्यासह नोंदवले जाईल. नसल्यास तसे लेखी कळवावे आणि नवी प्रत पाठवावी.

मी आप्पांना पत्र मराठीत सांगितलं.

"ऱ्हाऊ दे की ठिपका," ते म्हणाले.

"आपल्या पुड्यांवर ठिपका नाही, आप्पा. त्या नकली पोपटालाही नाही. ठिपक्याचा नोंदवला तर बिनठिपक्याचा त्या नकली मालवाल्याला मोकळा राहील."

"मग लिही तुला बरोबर वाटंल तसं."

मी लिहिलं. तो ठिपका चिन्हाचा भाग नाही, तो चुकून पडला आहे, कृपया तो विचारात घेऊ नये. इंग्रजीत ते वाक्य फार सोपं झालं. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि नंतर न राहवून खाली आणखी एक ओळ घातली, की ती जुनी प्रत आम्हांला परत मिळाल्यास आभारी होऊ. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

पुढच्या टपालांची मी कधी नव्हे ती वाट पाहिली. टपालवाला गल्लीत शिरला की मी दाराआड उभी राहायचे. शेवटी जाड पाकीट आलं. आत नोंदणीचा दाखला होता, त्यावर आमचा पोपट, काळा आणि स्वच्छ. मी पाकीट उलटं करून झटकलं. सोबतच्या चिठ्ठीत वकिलाने लिहिलं होतं, की दाखल झालेले कागद कचेरी परत करीत नाही.

म्हणजे तो कागद तिथेच आहे, मी कधी पाहणार नाही अशा गावी, कुठल्याशा कपाटात. तिथल्या कुणाला तो काढून बघायचं कारण नाही. दुपारी घरात कुणी नसलं की मी ती आडवी रेघ आठवून बघते. डावीकडे जरा वर गेली होती की उजवीकडे, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

दाखला चौकटीत बसवायच्या आधी आप्पा देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आले.

"आता लावलं तर चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हटलं.

त्यांनी बोट बुडवून टेकवलं. बोट जाड, ठिपका मोठा झाला आणि पोपटाचा डोळा झाकला गेला.

"तिचं नेमकं बसायचं," आप्पा म्हणाले.