पप्पांचं उत्तर : निरंक

दवाखान्यात बारा दिवस काढले, की किस्से औषधांच्या रिकाम्या पाकिटांसारखे साठतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

*

माझे पप्पा जमीनमोजणीच्या कार्यालयात कारकून आहेत. तिथून जावक क्रमांक टाकल्याशिवाय एक कागद बाहेर जात नाही. रकान्यात भरायला काही नसेल, तर तिथे 'निरंक' लिहितात. पप्पांना सवय इतकी, की ताप एकशे तीन असतानाही डॉक्टर मॅडमना तेच!

"खोकला?"

"निरंक."

"उलट्या?"

"निरंक."

"कुठे जखम? काही चावलंय?"

"निरंक."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मग आपण आलात कशाला?"

*

तिसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट फारच बिघडले. मॅडम आईला म्हणाल्या, "शरीराची संरक्षण यंत्रणा खवळलीय. स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतेय. यामागे बऱ्याचदा व्हायरस असतो, क्वचित बॅक्टेरिया. कारण लवकर सापडायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल."

शेजारच्या खाटेवर कांबळेकाका होते, रिटायर्ड हवालदार. ते म्हणाले, "म्हणजे चोर मिळेना, म्हणून पोलिसांनी अख्खी सोसायटीच झोडपली?"

"अगदी तसंच!"

"मग चोर शोधा की, मॅडम! सोसायटीची काय चूक?"

आई तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

*

विश्रांतवाडीची आत्या सकाळी अकराला धावत आली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "भेटायची वेळ चारची. आपण पाच तास लवकर आलात. बाहेर बाकडं आहे."

आत्या खरंच पाच तास बसली!

*

पाचव्या दिवशी ओल्या पट्ट्या ठेवताना मला पप्पांच्या गुडघ्यामागे काळा डाग दिसला. उदबत्तीचा चटका बसावा तसा.

"पप्पा, हे काय?"

"मोजणीला गवतात गेलो होतो, तेव्हाचं असेल. दुखत नाही. म्हणजे निरंक."

मॅडम राउंडला आल्या. मागे सहा शिकाऊ डॉक्टर! म्हणजे चारचौघांपेक्षाही जास्त! त्या पुढच्या खाटेकडे वळल्या, तेव्हा मी वहीचं पान फाडलं आणि पप्पांनी शिकवला होता तसा अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला.

'विषय : पप्पांच्या गुडघ्यामागील काळ्या डागाबाबत. महोदया, सदर डाग दुखत नसल्याने आपणांस कळवण्यात आलेला नाही. तरी कृपया पाहावा, ही विनंती.'

मॅडम तशाच मागे फिरल्या. पप्पांचा पाय वळवून त्यांनी टॉर्च मारला.

"स्क्रब टायफस! गवतातला बारीक किडा चावला, की त्याचे बॅक्टेरिया अंगात जातात. सिस्टर, गोळ्या आत्ता सुरू करा!"

"सापडला चोर!" कांबळेकाका ओरडले.

दोन दिवसांनी ताप उतरला. पप्पांनी चष्मा मागितला, माझा अर्ज मागितला, दोनदा वाचला आणि म्हणाले,

"जावक क्रमांक कुठाय?"