एक पुंगळी कमी

शस्त्रागारात रायफली मोजून ठेवतात, किस्से मात्र नुसते साठत जातात! सोलापुरात पोलिसांच्या शस्त्रागारात मी अकरा वर्षं काढली, आणि तिथले निम्मे किस्से एकट्या बिराजदार मामांचे. मामा आमचे आर्मरर, म्हणजे बंदुकांचे डॉक्टर. मूळचे दुधनीचे, त्यामुळे तोंडात कानडी. कुणी घाई केली की एकच शब्द : "तडी!" म्हणजे थांब.

*

मी नवा होतो. फायरिंगला एका रायफलीत पुंगळी अडकली. गोळी सुटल्यावर मागं जे पितळी नळकांडं उरतं ना, तीच पुंगळी. मी हिरो! नळीत गज घातला, हातोडी उचलली. मामांनी मनगटच धरलं.

"तडी! आत काय हाय ते आदी बघ की!"

त्यांनी बोल्ट मागं घेऊन बॅटरी मारली. आत पुंगळी नव्हतीच, न फुटलेली गोळी होती. जिवंत!

त्या दिवशी मला चहासुद्धा गेला नाही.

*

एकदा मोठे साहेब फायरिंगला आले. त्यांच्याही रायफलीत पुंगळी अडकली, तर साहेब चाकूनं कोरायला लागले. मामांनी सरळ त्यांच्या हातातून रायफल काढून घेतली. "तडी, साहेब!"

आम्ही गार! साहेबांनी विचारलं, "तडी म्हणजे काय?"

"थांबा म्हणतोय. पर मराठीत म्हणायचं धाडस न्हाय साहेब, म्हणून कानडीत सांगितलं."

साहेब इतके हसले की पुढच्या फैरीला त्यांचा नेमच चुकला.

*

भवानी पेठेत मामांच्या घरी जेवायला गेलो, तर कुकरचं झाकण अडकलेलं. मामा समोर मांडी घालून बसले. "तडी. गार होऊ दे."

तासभर आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर काढला. मामांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "ह्यांनी लग्नात हार घालायलाबी तडी तडी केलं. भटजी कटाळलं!"

*

फायरिंग संपलं की पुंगळ्या मोजायच्या. झाडल्या तेवढ्या परत आल्याच पाहिजेत, त्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मोजून झालं की आम्ही ओरडायचो, "मामा, पूर्ण!" मग मामा म्हणायचे, "चला घरी."

एकदा एक कमी आली! चाळीस जण माळावर उन्हात ओणवे. शेळ्या राखणारी एक म्हातारी म्हणाली, "काय हुडकताय? पुंगळी? सोन्याची हाय व्हय?"

मामांनी मात्र एकेक रायफल उघडून पाहिली. शेवटच्या गोळीची पुंगळी नळीतच बसून राहिली होती. रायफल कुणाची? माझी!

*

रिटायरमेंटला चार महिने असताना मामा गेले. मानवंदनेला आठ रायफली, हवेत तीन फैरी. तिसऱ्या फैरीनंतर पुंगळ्या वेचल्या, तर तेवीस. सहाव्या रायफलीत एक अडकली होती.

साहेब हळूच म्हणाले, "राहू दे, नंतर काढा."

काकूंनी मान वर केली. "तडी, साहेब. ह्यांच्या हातनं एक पुंगळी कमी कदी गेली न्हाय."

गज माझ्याकडं होता. आजवर ते काम मी मामांवरच ढकललं होतं. आधी आत काय आहे ते पाहिलं. मग नळीच्या तोंडाकडून गज घातला, हलकेच ठोकलं. घाई केली नाही. पुंगळी टुणकन बाहेर पडली.

डब्यात टाकली, पुन्हा सगळ्या मोजल्या. मामांसमोर जाऊन सॅल्यूट ठोकला आणि सवयीनं ओरडलो, "मामा, पूर्ण!"

आणि सगळी लाइन उत्तराची वाट बघत उभी राहिली.