गोरखचिंचेची लेक

गव्हाणच्या बाजूला, खाडीला लागून आमचं गाव. गावाच्या उंचवट्यावर एक गोरखचिंच होती. किती जुनी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सगळ्या पोरी हात धरून उभ्या राहिलो तरी बुंध्याला वेढा पुरत नसे, आणि त्यात दोन माणसं आरामात बसतील अशी ढोली.

मी आठेक वर्षांची असताना एका उधाणाला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतांतून थेट घरांत शिरलं. सगळा गाव उंचवट्याकडे धावला. आईचे दिवस भरले होते. झाडापाशी पोचताच तिला कळा सुरू झाल्या. सुईणीने तिला ढोलीत नेलं, बायकांनी लुगडी आडवी धरली. बाप्ये पाठ फिरवून पावसात उभे राहिले, माझे वडीलही त्यांच्यातच. बऱ्याच वेळाने रडणं ऐकू आलं आणि सुईण आतून ओरडली, "पोरगी हाय! दोघी बऱ्या हायत!"

तेव्हापासून माझी धाकटी बहीण गावाला 'चिंचेची लेक' झाली. घरी कुणी रागावलं की ती ढोलीत जाऊन बसे. तिथून तिला ओढून आणायची कुणाची छाती नव्हती.

पुढे तिचं लग्न उरणकडे ठरलं. लग्नाला मीही सासरहून आले होते. जेवणं झाली आणि वऱ्हाडाची घाई सुरू झाली, कारण भरती आहे तोवर होडी सुटायला हवी होती. बहीण मात्र हटून बसली. "चिंचेला भेटल्याबिगर मी जानार नाय."

"झाडाला काय भेटायचंय?" वऱ्हाडातला एकजण कुरकुरला. आई घाबरली.

बहिणीची सासू वऱ्हाडातून पुढे आली. तिने मला बाजूला घेतलं. "काय गो, काय हाय त्या झाडाशी?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ओटीच्या ताटातला नारळ आणि खण उचलला आणि सुनेचा हात धरून चालू लागली. झाडाच्या मुळाशी दोन्ही ठेवून तिने हात जोडले.

"विहीनबाय, पोर नेतंय तुमची. काळजी करू नका."

कुणी हसलं नाही. बहीण तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आई पुढे झाली, विहिणीचा हात धरून म्हणाली, "आता मना भ्या नाय."

या सगळ्यात ओहोटी लागली. होडी चिखलातून ढकलावी लागली, नवरदेवही धोतर खोचून उतरला. बहीण सासूला चिकटून बसली होती. मला हात करायचंही विसरली.