राजापेठेतला नाहीसा झालेला खांब

चोरीचे म्हणून जमा केलेले ते लोखंड मी विसरू शकलेलो नाही. तेव्हा मी अमरावतीत ठाणेदार होतो. संशयास्पद माल आला की कळवायचे, अशी भंगारवाल्यांना आमची ताकीद असे. एका सकाळी त्यांच्यापैकी एक मुस्लिम व्यापारी ठाण्यात आला. कोणीतरी जाड सळया विकून गेला होता. त्यांना काँक्रीट चिकटलेले होते, सळयांभोवती बांधलेल्या आडव्या रिंगाही तशाच होत्या. पडक्या घराचा हा माल वाटत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

बांधकामावरची चोरी गृहीत धरून आम्ही विकणाऱ्या मजुराला आणले. चोरीचा गुन्हा लागेल म्हटल्यावर तो चिडला.

"चोरी कायची, साहेब? जो फोडते, भंगार त्याचं असते. मालकानंच खांब काढाले सांगतला."

"कोणता खांब?"

"दुकानाच्या मधातला. शोरूम मोठं दिसलं पाह्यजे म्हने."

चोरीचा तपास तिथेच संपला. दुकान राजापेठेत होते आणि वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग भरत. त्याच महिन्यात भूकंपाचा सौम्य धक्का जाणवला होता.

पंचांना आणि महापालिकेच्या अभियंत्यांना घेऊन दुकानात गेलो. कपड्यांचे प्रशस्त दालन, वर नवे पीओपीचे छत. मध्ये खांब कधी नव्हताच, असे मालकाने ठामपणे सांगितले. मी छताचा एक भाग उतरवायला लावला. कापलेल्या सळयांची टोके खाली डोकावत होती आणि तुळईला तडा गेला होता.

खांब होता हे मालकाला आता मान्य करावे लागले, पण सूर बदलला नाही. "आपल्या इकडं कुठं भूकंप येते, साहेब? अन् खांब माह्या दुकानातला व्हता. कोनाले काय तरास?"

अभियंत्यांनी बोट वर केले. वर पाढ्यांचा आवाज येत होता. "दुकान तुमचं आहे. वजन त्यांचं आहे. धक्का बसला तर हे सगळं खाली येईल."

वर्ग लगेच रिकामा केला. मुले कुरकुरत उतरली. चाचणी बुडाली म्हणून एक-दोघे खूशही होते. तुळईखाली लोखंडी टेकू लागले. जीवितास धोका निर्माण केल्याचा गुन्हा नोंदवला, मजुराला साक्षीदार केले. पुढे मालकाने स्वखर्चाने नवा, अधिक मजबूत खांब उभारला. पीओपीच्या छताने सारे झाकता येईल, असा त्याचा हिशेब होता. भंगार मजुराचे, हा रिवाज तेवढा तो विसरला.

भूकंप रोखणे पोलिसांच्या हातात नाही. खांब कापणारा हात धरणे मात्र आहे. अशा गुन्ह्याला फिर्यादी मिळत नाही, कारण इमारत पडेपर्यंत कोणाचेच काही गेलेले नसते.

मी निवृत्त झाल्यावर पुन्हा एकदा जमीन हलली. थोड्याच वेळात त्या मालकाचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच.

"साहेब, पोरं खाली उतरली. समदी बरी हायेत." मग म्हणाला, "अन् खांब हाये जागेवर."