रतिलालला कुणी विचारलं नाही

रतिलाल नेपाळात पाणी आणायला निघाला, ही गोष्ट तापीकाठच्या त्या गावाला आधी थट्टाच वाटली. पाणी आणायला माणूस विहिरीवर जातो, नेपाळात नाही. पण शहाद्याच्या श्रमदान शिबिरात कुणीतरी सांगितलं, तिकडच्या डोंगरात एका खेड्यापर्यंत झऱ्याचं पाणी न्यायचं आहे, स्वयंसेवक हवेत. रतिलालच्या हाताला केळीच्या बागेत पाट काढायची सवय. त्याने हात वर केला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घरात थोरली विधवा बहीण जसोदाबाई आणि तिची मुलगी मीना, एवढंच.

निघताना जसोदाबाईने त्याच्या तळहातावर दही घातलं. पुढचा बेत काय, कुठे कुठे जाणार, काही विचारलं नाही. निघत्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकायचं नसतं. टोकलंच, तर त्याने पिशवी खाली ठेवायची, पाणी प्यायचं आणि त्या दिवसाचं जाणं सोडून द्यायचं. हा नियम घरात न्हाणीच्या दगडाइतका पक्का होता.

पाणी खेड्यात पोचलं. तुकडी परत आली. रतिलाल आला नाही.

जसोदाबाई म्हसावदला लोटनकडे गेली. तोही तुकडीत होता.

"तुन्हासंगे गयथा ना तो? मंग कोठे शे?"

"बेन, तो बोलना, जरा पुढे जाई येस."

"पुढे म्हंजे कोठे?"

"मी कसा ईचारू? त्यानी पिशवी खांदावर टाकेल व्हती."

जसोदाबाई आल्या वाटेने परतली. लोटन चांगल्या वळणाचा माणूस होता, हेच तर दुखणं होतं.

मग कार्डं येऊ लागली. दार्जिलिंग, कलकत्ता, एकदम रंगून. मजकूर एकच : खुशाल आहे, इथे एक पाट काढून दिला, पुढे जात आहे. पत्ता नसे, कारण तिथे तो राहणार नसे.

अशात मीनाचं प्रकाशा गावातल्या एका घरात जमलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लग्न. मुलाची आत्या धनुबाई सुपारी फोडताना म्हणाली, "पोरीले मांडवमा मामानीच आणाले पाहिजे. सख्खा मामा जित्ता शे, तर दुसरा चालाव नही."

"येईल तो," जसोदाबाई म्हणाली.

"मामा शे, का नुसतं पोस्टकार्ड शे?" धनुबाईने विचारलं. मामा नसेल तर लग्न पुढच्या वर्षी, असं ठरलं. पुढच्या वर्षी म्हणजे दुसऱ्या मुलीशी, हे जसोदाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आखाजीच्या दिवशी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि रतिलाल पिशवी घेऊन दारात उभा राहिला. हातपाय धुऊन पाटावर बसला. दोन वाट्या आंबरस झाल्यावर म्हणाला, "रंगूनले आंबा शेतस. पन रस करतस नही." परत येण्याचं कारण विचारलं असतं तर बहुधा हेच निघालं असतं.

त्याला लग्नाचं सांगितलं. तो खूश झाला. आणि दुसऱ्या सकाळी पिशवी उचलली. तोरणमाळच्या वाटेवर कुठल्याशा पाड्याला पाण्याची अडचण होती. "लगीनले येसच ना, बेन!"

त्याचं 'येस', म्हणजे 'येतो', किती लांबीचं असतं, हे जसोदाबाईला ठाऊक होतं. तिने पदर खोचला, उंबऱ्याशी आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "कोठे चालना रे भाऊ?"

रतिलालचा पाय हवेतच राहिला. "बेन! तू टोकं?"

त्याने पिशवी ठेवली आणि पाणी प्यायला. त्या दिवशी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मीनाने विचारलं. नंतर मांडवाचे बांबू घेऊन आलेल्या लोटनने, मान खाली घालून. मामा खरा आहे का हे बघायला धनुबाई आली होती. तिनेही निघता निघता आपलं कर्तव्य केलं. रतिलाल लग्नापर्यंत भरपूर पाणी प्यायला.

मीनाला त्यानेच हाताला धरून मांडवात आणलं. वरात गेली. पाहुणे पांगले. मग त्याने पिशवी उचलली.

जसोदाबाईने त्याच्या हातावर दही घातलं आणि ती वाट सोडून उभी राहिली. तो ओट्यावर आला, वहाणेचा अंगठा नीट केला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आज काही ईचारानं नही का?"

"नही."

तो निघाला. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबला, मागे वळला आणि ओरडला, "तोरणमाळले जाई ऱ्हायनू!"

"मी ईचारं का?" म्हणत जसोदाबाई आत वळली आणि तिने दह्याचं भांडं झाकून ठेवलं.